पिंकीचे आठ मुद्दे

एकाच विषयावर, एकाच बाजूनं बोलून, एकाच महिन्यात दोनदा हरलेला माणूस कर्नाटकातल्या आमच्या भालकी तालुक्यात मी एकटाच असेन. दुसरा कुणी असलाच तर त्यानं पोस्टात येऊन मला भेटावं, चहा पाजीन. पोस्टात म्हणजे आमच्या गावच्या पोस्टात. मी तिथला पोस्टमास्तर, शिवराज. गाव खटकचिंचोळीच्या पुढं सहा किलोमीटरवर आहे. नाव सांगत नाही, कारण गावातले बरेच लोक आत्ता कुठं माझ्याशी परत बोलायला लागलेत.

सुरुवात अगदी साधी झाली. माझी मुलगी पिंकी भालकीला पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. तिची कॉलेजच्या वादविवादाच्या टीममध्ये निवड झाली. स्पर्धा बीदरला. मला वाटलं, आमच्या वेळेसारखंच असेल. 'विज्ञान शाप की वरदान' असा विषय, आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा, शेवटी एक शेर टाकायचा आणि बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन घरी यायचं. असा डबा मी स्वतः सातवीत मिळवलेला आहे आणि माझी बायको अंबिका त्यात अजून हळद ठेवते. घरात माझ्या बुद्धीचा एवढा एकच पुरावा शिल्लक आहे.

पण पिंकी म्हणाली, "अप्पा, तसलं न्हाई. ह्यात धोरणावर बोलायचंय. सरकारनं अमुक करावं का करू नये. फायदा काय, तोटा काय, खर्च किती, सगळं पुराव्यानं सांगायचं. आन् बाजू आपण निवडायची न्हाई. चिठ्ठी काढायची. जी येईल ती."

"आन् ती आपल्याला पटत नसली तर?"

"तरी बोलायचं. आज ह्या बाजूनं, उद्या त्या बाजूनं. त्याबिगर दोन्ही बाजू कळत न्हाईत म्हणतेत सर."

सर म्हणजे रत्नपाल सर. मूळचे चिटगुप्प्याचे, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. माणूस इतका शांत, की त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस त्यांचंच म्हणणं पटवून घेऊन परत येतो आणि घरी पोचल्यावर आपण भांडायला गेलो होतो हे त्याला आठवतं. त्यांनी पोरांना चाळीस पानांची झेरॉक्स दिली होती: 'तर्कदोष, अर्थात माणसं चुकीचं कसं पटवतात'. पुस्तकातली अवघड नावं पोरांच्या लक्षात राहत नाहीत म्हणून सरांनी स्वतःच नावं पाडली होती. मुद्दा सोडून माणसाला धरलं की तो 'गचांडी-दोष'. समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून त्यालाच बडवलं की 'बुजगावणं'. आज चहा प्याला म्हणजे उद्या दारू पिणार, असं म्हटलं की 'घसरगुंडी'. फिरून फिरून तिथंच आलं की 'घाण्याचा बैल'. आणि सगळे म्हणतात म्हणून खरं, असं म्हटलं की 'जत्रा-दोष'.

ही झेरॉक्स मी वाचायला घेतली आणि तिथंच घात झाला.

तर्कदोष शिकण्यातला मोठा धोका असा, की ते शिकल्यावर माणसाला दुसरं काही दिसतच नाही. काउंटरवर एकजण म्हणाला, "पोराचं पार्सल दोन दिस आलं न्हाई, म्हंजे पोस्ट खातं बुडालं." मी त्याला अत्यंत नम्रपणे म्हटलं, "अण्णा, ही घसरगुंडी झाली." त्यानं तक्रारीची वही मागितली. घरी जेवताना मी म्हटलं, "वरणात मीठ जरा कमी पडलंय." अंबिका म्हणाली, "मग म्हणा की सरळ, की तुमच्या आईसारखं मला काईच येत न्हाई."

"हे बघ अंबिका, हे बुजगावणं झालं. मी जे बोललोच नाही ते उभं करून तू त्याला बडवायलीस."

 ती उठली, मिठाची बरणी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि पुढचे तीन दिवस एकाही पदार्थात मीठ घातलं नाही. "तुम्ही काय बोललात ते मला कळतंय का वो? तुमचं तुम्ही घ्या," एवढंच म्हणाली. तेव्हापासून घरातले दोष मी मनातल्या मनात मोजतो.

पण पिंकीची तयारी करून घ्यायची हे मी मनावर घेतलं होतं. सरावाला समोर श्रोते पाहिजेत आणि विषय ओळखीचा पाहिजे, असं सरांनी सांगितलेलं. अंबिकाच म्हणाली, "दिल्लीचं कामून घेता? गावातलंच घ्या की. बाजाराचं घ्या." विषय एकदम पटला. आमचा आठवडी बाजार मेन रोडवर भरतो. दोन्हीकडं पालं, मधून बीदरची बस, बसपुढं शेळ्या, शेळ्यांपुढं मोटारसायकली. ग्रामपंचायतीचं दोन वर्षांपासून म्हणणं होतं, की बाजार गावाबाहेरच्या गायरानात न्यावा, आणि गावाचं दोन वर्षांपासून म्हणणं होतं, की बघू.

जागा मी निवडली. मारुतीच्या देवळापुढचा कट्टा. मोठा आहे, दुपारी सावली असते आणि भजनी मंडळाचा माईक फुकट मिळतो. आता इथं माझी चूक सांगतो, कारण ती या मुलखाबाहेरच्या माणसाला कळायची नाही आणि मला मात्र कळायला पाहिजे होती. आमच्याकडं मारुतीपुढं बोललेला शब्द मागं घेता येत नाही. बैलाचा सौदा, सोयरीक, भावाभावांची वाटणी, सगळं तिथं तोंडी होतं. कागद कुणी मागत नाही. आमच्या शेजारच्या राघोबाच्या चुलत्यानं तरुणपणी बायकोवर चिडून, नेमकं देवळापुढं उभं राहून, "आजपासून वांगं खाणार न्हाई" म्हटलं होतं. वांगं त्याला जिवापाड आवडायचं. एकोणऐंशीव्या वर्षी मेला तोवर खाल्लं नाही. नुसता रस्सा प्यायचा आणि उसासे टाकायचा. हे सगळं मला लहानपणापासून माहीत. तरी मी माईक फुकट आहे म्हणून तिथं गेलो.

रविवारी चार वाजता आम्ही कट्ट्यावर चढलो. वेळ बघायला राघोबा. हा रिटायर्ड कंडक्टर. सल्ला मोफत देतो आणि शिट्टी अजून खिशात बाळगतो. चिठ्ठ्या त्यानंच टाकल्या. पिंकीला आली 'बाजार हलवावा', मला 'हलवू नये'. श्रोते म्हणून पाचसहा पोरं अपेक्षित होती. पण 'पोस्टमास्तर आन् त्याची पोरगी माईकवर भांडायलेत' असं गावात पसरलं आणि दहा मिनिटांत दोनशे माणूस जमलं. त्यांना चिठ्ठीचं काहीच माहीत नव्हतं. मला ते सांगायचं सुचलं नाही, कारण मी दोनशे माणसं बघून हुरळलो होतो.

पिंकी सात मिनिटं बोलली. आठ मुद्दे. बाजारादिवशी बस किती मिनिटं अडकते, अँब्युलन्स कुठून वळसा घालते, शाळेची पोरं कुणाच्या पालाखालून वाकून जातात, गटारावर भाजी कशी बसते. आणि आठवा मुद्दा तिनं समोर बोट करून सांगितला: "आपली राजूअक्का कोपऱ्यावर भजी तळती. तिच्या पाठीपासून बसचं चाक दीड हातावरनं जातंय. उकळत्या तेलाची कढई पुढं, चाक मागं. हे आपण दर बाजाराला बघतो आन् भजी घेऊन घरला जातो."

लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की पारावरची कबुतरं उडाली. मग मी उठलो. माझ्या बाजूला परंपरा होती, भावना होती आणि सातवीतला अनुभव होता. दुसऱ्या मिनिटाला राघोबानं शिट्टी मारली. "वेळ संपला?" मी विचारलं. "न्हाई. पण बस झालं," तो म्हणाला. पहिल्यांदा हरलो तो असा. पण लेकीपुढं हरलेला बाप मनातून किती खूश असतो हे कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून मी चेहरा पाडून खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर राजूअक्का उभी. राजूबाई तिचं नाव, सगळं गाव अक्का म्हणतं. आमच्या भिंतीला तिची भिंत. बावीस वर्षांपासून बाजारादिवशी त्या कोपऱ्यावर सुशीला आणि मिरचीभजी विकते. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी. तिच्या हातची खाल्ली, की बाकीच्यांनी ती करूच नये असं वाटतं. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका कोपऱ्यावर चालतं. पिंकीला तिनं न्हाऊमाखू घातलंय आणि मला ती जन्मात 'शिवा'शिवाय दुसरं काही म्हणाली नव्हती.

"पोस्टमास्तर साहेब," ती म्हणाली, "एक अंतर्देशी द्या."

मी अंतर्देशी दिलं आणि पैसे घ्यायचे विसरलो. घरी येऊन सांगितलं तशी अंबिकेनं लाटणं खाली ठेवलं. "साहेब म्हणाली? आन् 'द्या' म्हणाली? मग लईच लागलंय तिला."

मी धावत गेलो तिच्या दारात. "अक्का, आगं ती चिठ्ठी होती. पिंकीच्या मनातलं न्हाई ते. चिठ्ठीत आलं म्हणून बोलली."

"आस्सं," राजूअक्का म्हणाली. "म्हंजे माझ्या पोटाचा निकाल तुमी चिठ्ठ्या टाकून लावलाव. बरं झालं सांगितलंत." आणि दार लोटलं. माझ्या स्पष्टीकरणानं परिस्थिती बिघडण्याची ही पहिली वेळ नव्हती. पण इतक्या वेगानं कधी बिघडली नव्हती.

पिंकी तर रडायलाच लागली. "आठवा मुद्दा मी उगं जोडला, अप्पा. सातच होते. उदाहरण जवळचं पाहिजे म्हणतेत सर, म्हणून घातलं." तिनं तिकडं जाऊन माफी मागितली. "जा बाई, अभ्यास कर," एवढंच उत्तर आलं. पोरगी परत आली आणि बीदरला जाणार नाही म्हणून झेरॉक्स कपाटावर फेकून दिली.

त्यात त्या रविवारी गर्दीत आमचे पीडीओ, म्हणजे ग्रामपंचायतीचे अधिकारी, प्रशांतकुमार साहेब उभे होते हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. साहेब तुमकूरकडचे. मराठी त्यांना निम्मी कळते आणि उरलेली निम्मी ते उत्साहानं भरून काढतात. दोन वर्षं बाजाराच्या प्रस्तावाला एकही माणूस 'व्हय' म्हणत नव्हता, आणि आज एक मुलगी माईकवरून बोलते आहे आणि दोनशे माणसं टाळ्या वाजवतायत! त्यांनी मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. तिसऱ्या दिवशी ग्रामसभेची नोटीस लागली. विषय पहिला: 'कुमारी पिंकी, पोस्टमास्तरांची कन्या, यांनी जनतेच्या वतीनं केलेल्या मागणीनुसार आठवडी बाजार हलवणे'. आणि ही नोटीस कुठं चिकटवली? माझ्याच पोस्टाच्या भिंतीवर, पत्रपेटीच्या बरोबर वर.

गावानं सल्ले सुरू केले. राघोबा म्हणाला, "पोरीला त्या दिशी ताप व्हता म्हणून सर्टिफिकेट आण. मी आणलंय असलं लई बारी." एकानं सुचवलं, की मारुतीला अकरा नारळ फोडून शब्द परत घ्यावा. पण नारळानं शब्द परत मिळाला असता, तर राघोबाचा चुलता वांग्यावाचून गेला नसता.

शेवटी मी सरळ पंचायतीच्या ऑफिसात गेलो. "साहेब, पिंकीची ती मागणी नव्हती. तो सराव होता. रद्द करा."

प्रशांतकुमार साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, मागणी कराचं फॉर्म आहे. मागणी परत घेवाचं फॉर्म इल्ला."

"मग साधा अर्ज देतो."

"द्या की. कन्नडमध्ये. पण ज्यानं बोललं त्यानंच द्यावा लागतंय."

"ती सतरा वर्षांची आहे."

"मग पालकाची सही."

"पालक मीच. आणा, करतो."

साहेबांनी मोबाईल काढला, रेकॉर्डिंग पुढं सरकवलं आणि मला माझंच तोंड दाखवलं. "सर, पालकानं त्याच दिवशी विरोध केलाय. तुम्ही विरोधी पक्ष. विरोधी पक्षाचे सहीनं मागणी परत घेतली, तर उद्या कोणीतर कंप्लेंट करतंय. आणि ते चिठ्ठी होती म्हणता, ते चिठ्ठी कुठं आहे? पुरावा?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी धावत राघोबाकडं गेलो. राघोबानं दोन्ही चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, म्हणजे एकीत तंबाखू बांधली होती आणि दुसरीनं कान कोरला होता. पहिलीवर 'हलवा' एवढीच अक्षरं उरली होती. ती मी साहेबांना दाखवली नाही.

ग्रामसभेला चार दिवस उरले तेव्हा मी रत्नपाल सरांना फोन लावला. आवाज माझा चढलेला होता. "सर, तुमच्या त्या चिठ्ठीपायी आमच्या अक्काचा कोपरा चाललाय!" सर नेहमीसारखे शांतपणे म्हणाले, "मग तिला दुसऱ्या बाजूनं बोलू द्या. तिनंच मांडलेत, तिच्याइतकं कुणाला खोडता येतील ते मुद्दे? सराव बी होईल." हे ऐकून पिंकीनं झेरॉक्स कपाटावरून खाली काढली. चार दिवस माझ्या घरात एकच पोरगी स्वतःशीच भांडत होती, आणि अंबिकेच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही बाजू बापापेक्षा बऱ्या होत्या.

ग्रामसभेला एवढी गर्दी मी कधी बघितली नव्हती. राजूअक्का बायकांत, अगदी मागं, पदर तोंडाशी धरून बसलेली. प्रशांतकुमार साहेबांनी आठ मुद्दे आधी कन्नडात वाचले, मग त्यांच्या मराठीत. मग पिंकी उभी राहिली आणि म्हणाली, "हे आठी मुद्दे माझेच हाईत. आता मी ते खोडते."

सभेत कुजबुज सुरू झाली. पण पोरगी हटली नाही. अँब्युलन्सला मागचा रस्ता नीट करता येतो. बसची वेळ बाजारादिवशी अर्धा तास पुढं घेता येते. गायरानात पाण्याचं टाकं आहे पण सावली नाही, म्हाताऱ्या माणसांना दीड किलोमीटर चालवणार का? आणि राजूअक्काचं गिऱ्हाईक बसचं आहे. बस जिथं थांबते तिथंच तिचं पोट आहे. एकेक मुद्दा असा उचलून बाजूला ठेवला, की माझी छाती फुगली. पण मागून कुणीतरी ओरडलं, "ही पोरगी दोन्हीकडनं ढोल बडवायली की!" दुसरा म्हणाला, "मारुतीपुढं एक बोलली, हितं एक बोलायली. शब्दाला काय किंमत हाय का न्हाई?" पिंकीचा चेहरा उतरला.

आणि इथं, मायबाप वाचकहो, मी उठलो. चाळीस पानं मला पाठ होती. एकही दोष न करता, शांतपणे, मुद्देसूद बोलायचं असं ठरवून उठलो होतो.

"ज्या साहेबांना सुशीला आणि पोहे यातला फरक कळत नाही, त्यांनी आमच्या बाजाराचं ठरवायचं का?" मी गरजलो. समोर बसलेल्या पिंकीनं एक बोट मिटलं. "आज बाजार हलवतील, उद्या मारुती हलवतील, परवा गावच उचलून तेलंगणात नेऊन ठेवतील!" प्रचंड टाळ्या. दुसरं बोट. "म्हणजे साहेबांचं म्हणणं असं, की गरिबांनी भजी विकूच नये!" साहेब घाबरून मान हलवत होते, ते असलं काही बोलले नव्हते. तिसरं. "सगळ्या गावाला माहीत आहे..." चौथं. "बाजार इथंच असला पाहिजे, कारण बाजाराची जागा इथंच आहे!" पाचवं बोट मिटलं, मूठ झाली, आणि ती मूठ पिंकीनं कपाळावर मारून घेतली.

"शिवा, बस खाली," मागून आवाज आला. "लई बोललास."

राजूअक्का उभी राहिली होती. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. 'शिवा' म्हणाली यातच मी गार झालो आणि खाली बसलो.

"मी चार दिस रागात व्हते," ती म्हणाली. "पोटचं लेकरू समजले तीच पोरगी माझा कोपरा उठवायली म्हणून अन्न गोड लागलं न्हाई. मग बाजार आला. म्हणलं, पोरगी जे बोलली ते खरं हाय का खोटं, बघावं तरी. बस आली तवा मागं हात टाकून मोजले." तिनं हात पुढं केला, कोपरापासून बोटापर्यंत. "दीड हात म्हणली व्हती पोरगी. दीड हात न्हाई. एक हात आन् चार बोटं हाय."

पुढं बसलेल्या दोघांनी नकळत आपापला हात मोजून पाहिला.

"दुसऱ्या दिशी गायरानात गेले. चालत. दीड किलोमीटर काय न्हाई, माझ्या पायानं पाव घंटा. पाणी हाय. सावली न्हाई, हे पोरगी खरं बोलली. पण गिऱ्हाईक बसचं म्हणली, ते खोटं. बसमधला माणूस खिडकीतून भजी मागतंय, मी पुडा बांधेपर्यंत कंडक्टर शिट्टी मारतंय आन् बस जाती. बावीस वर्षं बघायले." सगळ्यांनी राघोबाकडं पाहिलं. राघोबा स्वतःच्या चपला बघत होता.

"मग अक्का," मी चाचरत म्हटलं, "आज पिंकी तुझ्याच बाजूनं..."

"व्हय रे. मला बरं वाटावं म्हणून बोलली, कळतंय मला. पर पिंके, आजच्यात दम न्हाई गं. आदी बोललीस तेच खरं." आणि साहेबांकडं वळून म्हणाली, "बाजार हलवा."

माझी अवस्था काय सांगू! जिच्यासाठी महिनाभर जिवाचं रान केलं, दोनदा भर सभेत अब्रू घालवली, ती बाई उठून समोरच्या बाजूला जाऊन बसली. आणि का? तर मुद्दा पटला म्हणून! रत्नपाल सरांची चाळीस पानं मी तीनदा वाचली होती, पण मुद्दा ऐकून, हातानं मोजून, स्वतःच्या तोट्याचं असूनसुद्धा मत बदलणारा माणूस त्यात कुठं भेटला नव्हता. तो आमच्या भिंतीपलीकडं मिरच्या चिरत बसला होता.

साहेब तर आनंदानं उभेच राहिले. पण राजूअक्कानं बोट वर केलं. "आदी पत्र्याचं शेड, मग बाजार. न्हाईतर न्हाई. आन् फाटकाजवळची, टाक्याच्या बाजूची पयली जागा माझी."

"हौ अक्का, ठरावात लिहितो," साहेब म्हणाले.

"कागदात नक्को. मारुतीपुढं बोला."

सगळी ग्रामसभा उठून देवळाकडं निघाली. साहेबांनी बूट काढले, हात जोडले आणि तुमकूरच्या मराठीत मारुतीला सांगितलं, "आधी शेड करतो. नंतर बाजार नेतो. पहिला जागा राजूअक्काचा." राघोबानं शिट्टी मारली. मारुतीपुढं बोलण्याचा अर्थ साहेबांना कुणीतरी कन्नडात समजावला, तशी त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. परत येऊन हात वर करून मतं घेतली, तेव्हा राजूअक्काचा हात पाहून बाकीचेही वर गेले. विरोधात मी एकटा. मारुतीपुढं 'हलवू नये' म्हणालो होतो, करणार काय? पिंकीनं बाजूनं आणि विरोधात, दोन्ही वेळा हात वर केला. साहेबांनी रजिस्टर बघून सांगितलं, की तिला अठरा पूर्ण नाहीत, तिचं मत धरता येत नाही. म्हणजे ज्या पोरीच्या मतावरून गाव महिनाभर भांडलं, तिला मतच नव्हतं.

बीदरच्या स्पर्धेत पिंकीच्या टीमचा दुसरा नंबर आला. परीक्षकांनी विचारलं म्हणे, "समोरच्याचा मुद्दा पटला तर काय करशील?" पिंकी म्हणाली, "मोजून बघीन."

शेड व्हायला नऊ आठवडे लागले. मारुतीच्या धाकानं साहेब रोज गायरानात जाऊन पत्रे मोजत होते. पहिल्या बाजाराला आम्ही तिघंही गेलो. फाटकाजवळ, टाक्याच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत राजूअक्काची कढई चढलेली. चहूकडं माणसं, मागं मोकळं माळरान. पिंकी तिच्या शेजारी बसून मिरच्यांना पीठ लावत होती आणि दोघी कशावरून तरी जोरजोरात भांडत होत्या. मला बघून राजूअक्कानं झारा कढईत तसाच धरला.

"शिवा, बावीस वर्षं भजी तळायले," ती म्हणाली. "निम्मं ध्यान तेलात, निम्मं मागं. हॉर्न वाजला की मान मागं. आज सकाळपासनं बसलेय, एकदा बी मागं वळून बघितलं न्हाई रे."

 अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं, पण जमत नाही. "तसं बघितलं तर, अक्का," मी सुरुवात केली, "बाजार न हलवता नुसता तुझा कोपरा जरी..."

पिंकीनं कढईतून काढलेलं भजं तसंच उचलून माझ्या तोंडात कोंबलं. जीभ चांगलीच भाजली. मी दुसरं मागितलं.